हाडातला कर्करोग पसरला, हे रक्तातून कसं कळेल?

१२ एप्रिल १९८० या दिवशी कॅनडाच्या अगदी पूर्वेकडच्या सेंट जॉन्स बंदरात एकवीस वर्षांच्या टेरी फॉक्सने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्यापाशी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, निघाला होता. पाय मांडीतून कापावा लागला, केमोथेरपी झाली. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा आणि त्यासाठी सगळा देश धावत ओलांडायचा, असं त्याने ठरवलं. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, अशी १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटरची मजल झाली. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतल्या कळा यांनी त्याला थांबवलं. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी.

फुप्फुसांतल्या त्या गाठी त्या उन्हाळ्यात अचानक उगवल्या नव्हत्या. १९७७ मध्ये पाय कापला, त्याच्या आधीच काही पेशी रक्तातून निघून फुप्फुसांत जाऊन बसल्या असणार. असं म्हणायला आधार आहे. केमोथेरपी नव्हती त्या काळात हात किंवा पाय वेळेवर काढून टाकूनही ऑस्टिओसार्कोमाच्या दर दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जण पुढे दगावत, आणि बहुतेकांच्या फुप्फुसांत रोग सापडे. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ असे. १९८६ साली मायकेल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनी १७ टक्के रुग्णांत रोग परतलेला नव्हता; शस्त्रक्रियेनंतर केमो मिळालेल्यांत हेच प्रमाण ६६ टक्के होतं. म्हणजे ज्यांना केमोने तारलं, त्यांच्या अंगात शस्त्रक्रियेच्या दिवशी पसरलेला रोग होताच. तो दिसत नव्हता, एवढंच.

आजही परिस्थिती फार वेगळी नाही. निदान होतं तेव्हा छातीच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत पसरलेला रोग दिसतो. उरलेल्या ८० ते ८५ टक्क्यांच्या फाइलवर ‘एकाच जागी मर्यादित’ असं लिहिलं जातं, आणि तरीही जवळजवळ सगळ्यांना केमो दिली जाते, कारण डॉक्टरांना इतिहास ठाऊक असतो. सीटी स्कॅन काही मिलिमीटरचा ठिपका पकडतो. पण एक मिलिमीटरच्या गाठीतही दहा लाखांच्या आसपास पेशी असतात आणि एक सेंटिमीटरच्या गाठीत शंभर कोटींच्या. शंभर-दोनशे पेशींचा पुंजका फुप्फुसात दडलेला असेल, तर तो दाखवणारं यंत्र आज कुठल्याही रुग्णालयात नाही.

म्हणून नजर रक्ताकडे वळते. हाडातून सुटलेली पेशी शिरेत शिरते, हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते आणि तिथून थेट फुप्फुसांच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात अडकते. फुप्फुसं हे या कर्करोगाचं सर्वांत मोठं ठाणं का, याचं निम्मंअधिक उत्तर या वाटेत आहे. प्रवास रक्तातून होत असेल तर रक्तात त्याचा माग राहायला हवा. हा माग शोधण्यासाठी जे मोजलं जातं त्याला मार्कर म्हणतात: एखादं विकर, प्रथिन, पेशी किंवा डीएनएचा तुकडा. गेली नव्वद वर्षं या मागावर माणसं आहेत. त्यांना काय हाती लागलं आणि काय निसटलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘एका रक्ततपासणीत कर्करोग कळणार’ अशा बातम्या आता महिन्याआड वाचायला मिळतात आणि ज्यांच्या घरात असा आजार आहे ती माणसं त्यांवर आशा लावून बसतात.

आधी एक घोळ दूर करायला हवा. ‘हाडाचा कॅन्सर’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे आजार येतात. एक हाडातच सुरू होणारा: ऑस्टिओसार्कोमा, युइंग सार्कोमा वगैरे. हा दुर्मीळ आहे. ऑस्टिओसार्कोमा दर दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन ते पाच जणांना होतो, आणि तोही प्रामुख्याने वाढत्या वयातल्या मुलामुलींना. दुसरा, स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस अशा ठिकाणी सुरू होऊन हाडात येऊन बसलेला. हा कितीतरी अधिक आढळतो. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि काही अवयवांत रोग वारंवार जातो, काहींत क्वचितच, हे दाखवलं. बी सगळीकडे पडतं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हाड ही स्तन आणि प्रोस्टेटच्या पेशींना मानवणारी माती आहे.

रक्तातल्या मार्करचं पहिलं मोठं यश या दुसऱ्या आजारात मिळालं. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन हे दांपत्य ॲसिड फॉस्फेटेज या विकरावर काम करत होतं. प्रोस्टेट ग्रंथीत ते मुबलक असतं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडात गेलेल्या रुग्णांच्या हाडांतही ते सापडलं आणि १९३८ मध्ये गटमन दांपत्याने दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तात त्याचं प्रमाण चढतं. तीन वर्षांनी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी हाच आकडा हाताशी धरला. वृषणं काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर ॲसिड फॉस्फेटेज उतरतं, म्हणजे हाडातला रोग मागे हटतो आहे, हे त्यांनी रक्तातून सिद्ध केलं. १९६६ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते याच कामासाठी. पुढे पीएसए या प्रोस्टेटमधल्या प्रथिनाच्या तपासणीने ॲसिड फॉस्फेटेजची जागा घेतली. आज नव्याने निदान झालेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाचं पीएसए दहाच्या खाली असेल आणि बायोप्सीत रोग सौम्य जातीचा निघाला असेल, तर हाडांचा स्कॅन सहसा करत नाहीत; त्यात काही सापडण्याची शक्यता फारच कमी असते. रक्तातल्या एका आकड्याने स्कॅन टाळता येतो, इतका विश्वास त्या आकड्याने कमावला आहे.

हे जमलं, कारण पीएसए शरीरात जवळजवळ एकाच ग्रंथीत तयार होतं. हाडातच जन्मलेल्या कर्करोगाला ही सोय नाही.

ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी मुळात हाड तयार करणाऱ्या पेशींच्या कुळातल्या. त्या वेड्यावाकड्या वाढतात, पण हाडाचा कच्चा माल तयार करण्याची सवय सोडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसल्याशिवाय निदानच पक्कं होत नाही. हाड घडताना अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर लागतं. हाडात क्षार बसवण्याशी त्याचा संबंध आहे हे लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये मांडलं. साहजिकच ऑस्टिओसार्कोमाच्या बऱ्याच रुग्णांत हे विकर रक्तात वाढतं. निदानाच्या वेळी ते फार वाढलेलं असेल तर रोग पसरलेला असण्याची शक्यता अधिक आणि पुढची वाटचाल अवघड, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

मग अडचण कुठे आहे? ज्या वयात ऑस्टिओसार्कोमा होतो, त्याच वयात मूल उंच होत असतं. उंच होणं म्हणजे हाड घडणं, आणि हाड घडणं म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज. चौदा वर्षांच्या निरोगी मुलाचा रिपोर्ट घ्या. आकडा ३५० आहे. शेजारी छापलेली नॉर्मल रेंज ४० ते १३० अशी प्रौढांची असेल, तर त्याच्यापुढे ठळक ‘हाय’ उमटतं आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्या वयाला हा आकडा साधारणच आहे. उलट अठराव्या वर्षी वाढ थांबलेल्या मुलीत २५० हा आकडा अधिक विचार करायला लावणारा असतो. मुलांसाठी वयानुसार वेगळी रेंज छापायला हवी. ती सगळीकडे छापली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

वाढीच्या वयाखेरीज इतरही गोष्टी हा आकडा चढवतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता, जी आपल्याकडे फारच सर्रास आढळते. जुळत आलेलं फ्रॅक्चर. आणि ऑस्टिओसार्कोमाने पोखरलेलं हाड मोडण्याची शक्यता असतेच. यकृत आणि पित्तमार्गाचे विकार. तिथेही हे विकर असतं, म्हणून शंका आल्यास जीजीटी ही यकृताची तपासणी सोबत करतात. ती नॉर्मल असेल तर वाढलेलं विकर बहुधा हाडातून आलेलं. शिवाय केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून जी इंजेक्शनं देतात, त्यांनीही अल्कलाइन फॉस्फेटेज तात्पुरतं वर जातं. उपचार चालू असताना आकडा चढला म्हणजे औषध लागू पडत नाही, असा अर्थ काढण्याआधी शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते पाहावं लागतं.

दुसरा जुना मार्कर एलडीएच. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल बनवण्याकडे झुकतात, हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. त्या प्रक्रियेतलं हे विकर. गाठ मोठी असेल, पेशी भराभर मरत असतील, तर ते रक्तात सांडतं. युइंग सार्कोमात त्याला बरंच वजन दिलं जातं. पण एलडीएच शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, लाल रक्तपेशीतसुद्धा. घाबरलेल्या मुलाची शीर सापडत नाही, बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं जातं, नळी जोरात हलवली जाते, लाल पेशी फुटतात. वरचा पिवळसर द्रव गुलाबी होतो आणि एलडीएच विनाकारण वाढलेलं येतं. चांगला तंत्रज्ञ अशा नमुन्यावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारून पुन्हा रक्त मागवतो. मुलाला पुन्हा टोचावं लागतं हे खरं, पण तो आग्रह रास्त आहे.

हाडाची झीज-भर मोजणाऱ्या काही तपासण्याही आहेत. स्तन किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडात शिरला की तो हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतो. हाड विरघळताना त्यातली वाढीला पोषक द्रव्यं मोकळी होतात आणि ती कर्करोगालाच पोसतात. विरघळलेल्या हाडातल्या कोलॅजेनचे तुकडे रक्तात आणि लघवीत मोजता येतात. त्यांचं प्रमाण फार असेल त्या रुग्णांत पुढे हाड मोडण्यासारख्या घटना अधिक होतात. मात्र यातल्या सीटीएक्स या तपासणीचा आकडा पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, जेवणानंतरही उतरतो. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि पुढच्या वेळी दुपारी जेवून रक्त दिलं, तर दोन आकड्यांची तुलना व्यर्थ.

या सगळ्या तपासण्या गाठीची सावली मोजतात. खुद्द गाठीचा अंश रक्तात सापडला तर? ही कल्पनाही जुनी आहे. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांनी कर्करोगाने दगावलेल्या एका माणसाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली. अशा पेशी मोजणाऱ्या पहिल्या यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती २००४ मध्ये. ती यंत्रणा ज्या प्रथिनाला धरून पेशी रक्तातून वेगळ्या काढते, ते स्तन, आतडी, प्रोस्टेट अशा अस्तरातून जन्मलेल्या कर्करोगांच्या पेशींवर असतं. हाडाच्या सार्कोमाच्या पेशी त्या कुळातल्या नाहीत. त्यांच्यावर हे प्रथिन सहसा नसतं, आणि त्या जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळखचिन्हं वापरून पाहिली जात आहेत, पण स्तनाच्या कर्करोगात हे तंत्र जितकं रुळलं, तितकं इथे अजून रुळलेलं नाही.

अधिक आशा आहे ती डीएनएच्या तुकड्यांत. पेशी मरते तेव्हा तिचा डीएनए चिरला जातो आणि साधारण १६६ अक्षरांचे तुकडे रक्तात येतात. हे तुकडे स्ट्रासबूर्गमध्ये मांदेल आणि मेते यांना १९४८ मध्येच सापडले होते, डीएनएची रचना उलगडण्याच्या पाच वर्षं आधी. त्या वेळी त्यांचं काय करायचं, हे कुणालाच कळलं नाही. हे तुकडे रक्तात काही मिनिटं ते दोन-तीन तास टिकतात, मग यकृत वगैरे अवयव ते साफ करतात. याचा मोठा फायदा असा, की आज सकाळी सापडलेला तुकडा आज सकाळचीच हकिकत सांगतो. अल्कलाइन फॉस्फेटेज उतरायला दिवस लागतात.

इथे युइंग सार्कोमाने संशोधकांना अनपेक्षित साथ दिली. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ च्या सुमारास वर्णन केलेला हा कर्करोग मुलांत आणि तरुणांत होतो. त्यात ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. या सांध्यातून एक जोडजनुक तयार होतं, ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ यांचं, आणि तेच पेशीला बेबंद वाढायला लावतं. पॅरिसच्या क्युरी संस्थेत ऑलिव्हिए दलात्र आणि सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये उलगडलं. युइंगच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत हीच जोडी असते. निरोगी पेशीत असा सांधा नसतो, म्हणून तो रक्तात सापडला तर त्याचा दुसरा अर्थ काढायला फारशी जागा उरत नाही. त्यातही सूक्ष्म गोष्ट अशी, की जनुकांची जोडी तीच असली, तरी डीएनए नेमका कुठल्या अक्षरावर तुटला आणि कुठल्या अक्षराला जुळला, ते प्रत्येक रुग्णात वेगळं असतं. बायोप्सीच्या तुकड्यातून तो सांधा वाचून घेतला, की त्या एका मुलापुरती, फक्त त्याच्याच गाठीला ओळखणारी तपासणी तयार करता येते. उपचार लागू पडले की हा डीएनए रक्तातून झपाट्याने नाहीसा होतो, आणि काही रुग्णांत रोग परतताना स्कॅनच्या आधी पुन्हा दिसू लागतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्याने निदान झालेल्या युइंगच्या ५३ टक्के आणि ऑस्टिओसार्कोमाच्या ५७ टक्के रुग्णांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला. ज्यांचा युइंग स्कॅननुसार एकाच जागी मर्यादित होता, त्यांच्यातही फरक पडला: रक्तात डीएनए सापडलेल्यांपैकी तीन वर्षांनी रोग न परतता राहिलेले ४८.६ टक्के, न सापडलेल्यांत ८२.१ टक्के. स्कॅनने ज्यांना एकाच रांगेत उभं केलं होतं, त्यांचे रक्ताने दोन गट पाडले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच ठळकपणे सांगायला हवी. हाडात मोठी गाठ असूनही जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात काहीच सापडलं नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘आढळले नाही’ असं आलं, म्हणून रोग पसरलेला नाही असं कुणी सांगत असेल, तर ते मान्य करू नये.

ऑस्टिओसार्कोमात असा एक ठरावीक सांधा नसतो. त्याचा जनुकसंच पार विस्कटलेला असतो. गुणसूत्रांचे तुकडे तुकडे होऊन भलत्याच क्रमाने जुळलेले, काही भाग अनेक पटींनी वाढलेले, काही गायब. त्यामुळे एका सांध्याऐवजी सगळ्या जनुकसंचावर वरवर नजर फिरवून, कुठला भाग जास्त आणि कुठला कमी आहे हे मोजतात. विस्कटलेपणाच इतका असतो, की त्याचाच माग काढता येतो. पण रक्तात गाठीचा वाटा काही टक्के तरी असल्याशिवाय तो या पद्धतीने उठून दिसत नाही, आणि लपलेल्या पुंजक्यांचा वाटा त्याहून फारच कमी असतो.

किती कमी, याचा हिशेब नळी हातात घेऊन करता येतो. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण चार मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर प्लाझ्मात पाच ते दहा नॅनोग्रॅम मोकळा डीएनए असतो. आपण पाच धरू. मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीचं वजन ३.३ पिकोग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे दीड हजार प्रती, सगळ्या नळीत मिळून सहा हजार. आता लपलेल्या रोगामुळे दर दहा हजार प्रतींत एक प्रत गाठीची असेल, तर आपल्या नळीत तिची सरासरी एकही पुरी प्रत येत नाही. यंत्र कितीही महागडं असलं, तरी जी गोष्ट नळीत उतरलीच नाही ती ते कुठून दाखवणार? यावर उपाय शोधला तो असा: गाठीतली एकच खूण शोधण्याऐवजी पन्नास खुणा एकाच वेळी शोधायच्या. एक खूण हुकली तरी दुसरी हाती लागते, आणि त्याच नळीत पन्नास खुणांचे मिळून तीसेक तुकडे सापडण्याची अपेक्षा धरता येते. जास्त रक्त घेणं हा दुसरा मार्ग, पण केमोने अशक्त झालेल्या आठ वर्षांच्या मुलाकडून किती रक्त घ्यायचं याला मर्यादा आहे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सोपी पडते. वय वाढतं तसे अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशींत काही जनुकबदल साठत जातात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात सापडलेला बदल कर्करोगाचा की पांढऱ्या पेशींचा, हा गोंधळ होतो. मुलांत तो पुष्कळ कमी असतो.

हाडाच्या कर्करोगासाठी रक्तातले सूक्ष्म आरएनए, पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्या, असेही मार्कर सुचवले गेले आहेत. थोड्या रुग्णांवरचे पुष्कळ अभ्यास आणि प्रत्येकाची यादी वेगळी, असा तो विषय आज तरी आहे.

समजा, रक्ताने खरंच आधी सांगितलं. मग करायचं काय? २००५ ते २०११ या काळात युरोप आणि अमेरिकेसह १७ देशांतल्या २,२६० ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. पहिल्या केमोने गाठ पुरेशी मेली नाही अशांना आणखी दोन औषधं जोडून द्यायची, हा तिचा एक भाग. निकाल २०१६ मध्ये आला: जादा औषधांनी रोग परतण्याचं प्रमाण घटलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. धोका कुणाला आहे हे आधी कळणं आणि त्या धोक्यावर इलाज असणं, या दोन गोष्टींमधलं अंतर त्या निकालाने दाखवून दिलं. तरीही ऑस्टिओसार्कोमात लवकर कळण्याला अर्थ आहे, कारण फुप्फुसांत मोजक्या गाठी असतील आणि त्या सगळ्या शस्त्रक्रियेने काढता आल्या, तर काही रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला की गाठी मोजण्यापलीकडे जातात.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. भारतात क्षयाचे जुने व्रण छातीच्या स्कॅनमध्ये वारंवार दिसतात. पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या मुलाच्या फुप्फुसात चार मिलिमीटरचा ठिपका दिसला, तर तो क्षयाचा की कर्करोगाचा? तुकडा काढायला फार लहान, दुर्लक्ष करायला फार धोकादायक. बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून तो वाढतो का ते पाहतात. अशा वेळी रक्तात त्या मुलाच्याच गाठीची खूण सापडली तर निर्णयाला मोठा आधार मिळेल. या प्रश्नाचं उत्तर इथल्याच रुग्णांवरच्या अभ्यासातून यायला हवं. औषधंही वेगळी आहेत: मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट पाश्चात्त्य देशांत उपचाराचा कणा आहे, पण त्याला रक्तातल्या औषधाची पातळी सतत मोजावी लागते आणि खर्चही फार येतो; म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने त्याशिवायची ओजीएस-१२ ही उपचारपद्धती बसवली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिकडच्या औषधांवर ठरलेली रक्तातल्या डीएनएची धोकारेषा इकडे तशीच लावता येणार नाही.

आज प्रत्यक्ष रुग्णालयात काय होतं? गुडघ्यापाशी रात्री ठणकणारी, आठवड्यामागून आठवडे न जाणारी सूज असेल तर पहिली तपासणी साध्या एक्स-रेची. ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून ती लांबवू नये, आणि मालीश तर मुळीच करू नये. त्यानंतर एमआरआय, बायोप्सी, छातीचा सीटी. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एलडीएच उपचारांच्या आधी करून ठेवतात, म्हणजे पुढचे आकडे त्या मुलाच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहता येतात. उपचार संपल्यावरची पाळत छातीच्या स्कॅनवर चालते. डीएनएची तपासणी ऑस्टिओसार्कोमात अजून मुख्यतः संशोधनाच्या कक्षेत आहे. खासगी लॅबने ती देऊ केली तर विचारायचा प्रश्न एकच: रिपोर्ट असा आला तर उपचारात काय बदलेल, आणि तसा आला तर काय?

ती संशोधनाच्या कक्षेतून बाहेर यायची, तर नमुने लागतील, आणि ते नीट घेतलेले लागतील. साध्या नळीतलं रक्त काही तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा तुकडा त्या गर्दीत हरवतो. पेशी शाबूत ठेवणारं द्रव्य घातलेल्या खास नळ्या मिळतात, त्यांत रक्त काही दिवस टिकतं. जिल्ह्याच्या गावाहून मुंबईला किंवा नागपूरला नमुना पाठवायचा तर त्याच हव्यात. पालकांची संमती घेऊन अशी एक नळी पहिल्या केमोच्या आधी, एक शस्त्रक्रियेच्या आधी, एक उपचार संपल्यावर भरून उणे ८० अंशांवर ठेवायला फार खर्च येत नाही. दोन वर्षांनी ज्या मुलाच्या फुप्फुसात गाठ निघेल, त्याचं पहिल्या दिवसाचं रक्त त्या वेळी कुठूनही मागवता येत नाही.